नोत्र-दामचा जीर्णोद्धार : जुना पाठ आणि नवा हात

पॅरिस येथील नोत्र-दाम हें कॅथलिक पंथाचें मुख्य धर्ममंदिर ता. १५ एप्रिल २०१९ रोजीं सायंकाळीं पेटलें, आणि पांच वर्षें आठ महिन्यांच्या आंत, ता. ७ डिसेंबर २०२४ रोजीं, त्याचे दरवाजे पुन्हा उघडले. या कामासाठीं सुमारे १५० देशांतील ३,४०,००० दात्यांकडून ८४ कोटि ६० लक्ष युरो जमले. सोहळ्याचें वर्णन वर्तमानपत्रांनीं मनसोक्त केलें आहे. त्याची पुनरुक्ति येथें करावयाची नाहीं. ज्यांच्या हातांखालून जुन्या पोथ्या जातात अशा वाचकांनीं या प्रकरणाकडे लक्ष द्यावें याचें कारण निराळें आहे. एकाच इमारतींत, एकाच सरकारच्या देखरेखीखालीं तीन भिन्न प्रकारचीं कामें झालीं वा ठरलीं, आणि तिन्हींना जीर्णोद्धार हें एकच नांव मिळालें. जळालेलें छप्पर व सुळका पूर्वीं होता तसाच उभारला. चिरडून गेलेल्या वेदीच्या जागीं अगदीं नव्या घडणीची वेदी बसविली. आणि आगींतून सुखरूप वांचलेल्या सहा खिडक्यांच्या कांचा काढून तेथें नव्या बसविण्याचें ठरविलें. आमच्या मतें पहिलें काम योग्य, दुसरेंही योग्य, आणि तिसरें अयोग्य. पहिल्या दोहोंस मान्यता देणारानें तिसऱ्यास विरोध करणें विसंगत आहे असा आक्षेप तिकडे घेतला जातो. त्यांत विसंगति नाहीं, हें दाखविण्यापुरताच हा लेख आहे. त्या मंदिराची पायरी आम्हीं चढलेली नाहीं. जें लिहीत आहों तें प्रसिद्ध झालेले आलेख, छायाचित्रें व अहवाल यांवरून.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, या मंदिराचा मूळ पाठ म्हणून एकच एक असा कधीं नव्हताच. बिशप मोरिस द सुली याच्या कारकीर्दींत इ. स. ११६३ च्या सुमारास कामास आरंभ झाला. ११८२ त मुख्य वेदीची प्रतिष्ठा झाली. पश्चिमेकडील दोन मनोरे तेराव्या शतकाच्या मध्यास पुरे झाले. पण ते पुरे होण्यापूर्वींच आंत उजेड कमी पडतो म्हणून वरच्या खिडक्या वाढविण्यांत आल्या, आणि बाराव्या शतकाची चौमजली भिंतीची रचना बदलून तिमजली झाली. ग्रंथ लिहून संपला नाहीं तोंच दुसऱ्या हातानें आरंभींचीं पानें सुधारलीं, असाच हा प्रकार. पुढें तेराव्या लुईनें केलेला नवस फेडण्यासाठीं चौदाव्या लुईनें पूर्वेकडील वेदीचा भाग नव्या थाटानें सजविला, आणि त्याच सुमारास वेदीचा भाग व सभामंडप यांच्यामधली जुनी कोरीव दगडी भिंत पाडण्यांत आली. अठराव्या शतकांत मध्ययुगीन रंगीत कांचा काढून पांढऱ्या घातल्या. तीन मोठ्या चक्राकार खिडक्या तेवढ्या राहिल्या. १७७१ त सूफ्लो या नामांकित वास्तुकारानें मिरवणुकीचें छत्र आंत नेतां यावें एवढ्यासाठीं मुख्य दाराचा मधला खांब उडविला! जुना सुळका मोडकळीस आला म्हणून त्याच शतकाच्या अखेरीस उतरविला. १७९३ त क्रांतिकारकांनीं दर्शनी भिंतीवरील राजांच्या मूर्तींचीं मस्तकें तोडलीं. ते राजे बायबलांतील यहुदी, फ्रान्सचे नव्हत, एवढा विचार करण्यास त्या वेळीं कोणास सवड नव्हती. त्यांपैकीं २१ मस्तकें १९७७ त पॅरिसांतच एका इमारतीच्या आवारांत जमिनीखालीं सांपडलीं. हरताळ लावलेलीं अक्षरें पावणेदोनशें वर्षांनीं पुन्हा वाचावयास मिळालीं.

अशा रीतीनें अनेक हात फिरलेली ही पोथी एकोणिसाव्या शतकांत व्हिओले-ल-द्युक या संपादकाच्या हातीं आली. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी १८३१ त निघाली व या पडक्या मंदिराकडे लोकांचें लक्ष वेधलें; १८४४ त लास्यू व व्हिओले-ल-द्युक या दोघांकडे काम सोंपविण्यांत आलें. लास्यू १८५७ त वारला. काम १८६४ त संपलें. व्हिओले-ल-द्युक हा विद्वान खरा, पण फार धीट. जुन्या सुळक्याच्या जागीं त्यानें १८५९ त जो नवा सुळका उभारला तो जुन्याची नक्कल नव्हे, जुन्यापेक्षां उंच व अधिक नटवा आहे. मनोऱ्यांच्या कठड्यावर बसून शहराकडे पाहणारीं जीं विचित्र सशिंग प्राणिरूपें प्रवासी मध्ययुगीन म्हणून मोठ्या आदरानें न्याहाळतात, तीं त्याचीच निर्मिति. सुळक्याच्या पायथ्याशीं बसविलेल्या सोळा ताम्रमूर्तींपैकीं संत थॉमसच्या मूर्तीस त्यानें स्वतःचा चेहरा दिला. टीकाकारानें मूळ ग्रंथांतील एका ऋषीच्या तोंडीं आपलेंच नांव घालावें, त्यांतलाच हा प्रकार! जीर्णोद्धार म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. जी संपूर्ण अवस्था कदाचित् कोणत्याही काळीं अस्तित्वांत नव्हती, तिला इमारत आणून पोंचविणें म्हणजे जीर्णोद्धार, अशा अर्थाची व्याख्या त्यानें आपल्या वास्तुकोशांत निःसंकोचपणें दिली आहे. इंग्लंडांत रस्किननें १८४९ मध्येंच याच्या उलट बाजू मांडली होती. त्याच्या मतें जीर्णोद्धार हा नाशाचाच सर्वांत वाईट प्रकार होय.

मात्र याच धीट संपादकाचें एक काम आमच्या वाचकांनीं विशेष पाहण्यासारखें आहे. मंदिराच्या मध्यचौकाशेजारच्या कांहीं खणांत त्याला बाराव्या शतकांतील लहान चक्राकार झरोक्यांचे अवशेष आढळले. तेवढ्या खणांत त्यानें जुनी चौमजली रचना परत आणली, आणि बाकीचे खण तेराव्या शतकाच्या रूपांत तसेच ठेवले. त्यामुळें पाहणारास आजही पूर्वपाठ व उत्तरपाठ एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं दिसतात. जेथें साक्षीदार प्रत हातीं लागली तेथें तो उत्तम संपादक झाला. जेथें नव्हती तेथें कवि झाला. त्याचा सगळा दोष व सगळा गुण यांत आला.

आतां आगीकडे वळूं. सुळका कोसळला, छपराचा ओक लांकडाचा सांगाडा जळाला, वर घातलेलें शेंकडों टन शिसें वितळलें, आणि दगडी कमानींच्या छतास तीन ठिकाणीं भोंकें पडलीं. चक्राकार खिडक्या वांचल्या. सुमारे ८,००० नळ्यांचा मोठा ऑर्गन शिशाच्या धुळीनें माखला, पण जळला नाहीं. त्या सोळा ताम्रमूर्ति तर चारच दिवस आधीं दुरुस्तीसाठीं खालीं उतरविल्या होत्या. आगीनंतर दोन दिवसांनीं फ्रान्सच्या पंतप्रधानांनीं नव्या सुळक्याच्या कल्पनांसाठीं जागतिक स्पर्धा जाहीर केली, आणि जगांतील वास्तुकारांच्या बुद्धीस पूर आला. कोणी कांचेचें छप्पर सुचविलें, कोणी छपरावर बाग. शेवटीं जुलै २०२० मध्यें तज्ज्ञमंडळानें मुख्य वास्तुकार फिलिप व्हिलनव्ह यांची योजना उचलून धरली व राष्ट्राध्यक्षांनीं ती मान्य केली: आगीपूर्वीं जसें होतें तसेंच, त्याच लांकडाचें व त्याच शिशाचें.

यावर असा प्रश्न निघाला कीं, तसेंच म्हणजे कोणत्या काळचें? ११८२ चें, १२५० चें कीं १८६४ चें? प्रश्न चतुर आहे, पण पाठचिकित्सा करणारास तो नवा नाहीं. जें उपलब्ध साक्षींवरून निश्चितपणें सिद्ध होतें तेवढेंच परत आणावें, त्याच्या पलीकडे कल्पनेनें जाऊं नये, हा नियम. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तींत डॉ. सुखठणकरांनीं व्यासांचा मूळ शब्द देण्याची प्रतिज्ञा केली नाहीं. हस्तलिखितांच्या साक्षीवरून जितकें मागें जातां येतें तितकेंच ते गेले, आणि जेथें संशय राहिला तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली. नोत्र-दामच्या छपराची साक्ष असामान्य रीतीनें पूर्ण होती. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन इतिहासकारानें २०१० त लेसर किरणांनीं सर्व मंदिराचें माप घेऊन ठेविलें होतें, आणि २०१४ त फ्रोमों व त्रँतेसो या दोन वास्तुकारांनीं छपराची एकेक कैची मोजून तिचे आलेख केले होते. टॅलन २०१८ त वारला. आपलीं मापें कशासाठीं उपयोगीं पडणार हें त्यास कळलें नाहीं. मूळ प्रत जळाली, पण तिची बिनचूक नक्कल आधींच उतरलेली होती, अशी ही स्थिति. अशा वेळीं नक्कलेवरून ग्रंथ पुन्हा लिहिणारास बनावट कागद करणारा म्हणत नाहींत, लेखक म्हणतात.

आपल्याकडील वास्तुशास्त्राचेंही मत असेंच आहे. मयमत ग्रंथांत अनुकर्माचा, म्हणजे जीर्ण वास्तूच्या पुनःसंस्काराचा, स्वतंत्र अध्याय आहे. ज्या प्रासादाचीं लक्षणें अद्याप ओळखतां येतात त्याचा उद्धार त्याच्याच द्रव्यानें, त्याच्याच मापानें करावा, मूळ रूपांत आपल्या पदरची भर घालूं नये आणि जाणत्यांच्या संमतीनें चालावें, असा त्यांतील विधीचा आशय आहे. तो वाचला असता तर त्या बागवाल्यांचे श्रम वांचले असते. (आणि आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं हेमाडपंती दगडावर तैलरंग फांसणाऱ्या व गाभाऱ्यांत चकचकीत फरशा बसविणाऱ्या विश्वस्तांचेही.)

काम कसें झालें तेंही थोडें सांगितलें पाहिजे. सुमारे २,००० ओक वृक्ष लागले. सभामंडप व वेदीचा भाग यांवरील सांगाडा तेराव्या शतकाचा होता. तो पुन्हा करतांना सुतारांनीं ओले ओंडके हातकुऱ्हाडीनें तासले, आणि तुळया झाडाच्या नैसर्गिक वळणाप्रमाणें ठेवल्या. सुळका व आडव्या भुजांवरील सांगाडा व्हिओले-ल-द्युकच्या काळचा. तो त्या काळच्या पद्धतीनें केला. एका छपरांत दोन शतकांचे दोन हात पूर्वीं होते, ते नव्या लांकडांतही निरनिराळे ओळखूं येतात. हा आग्रह कित्येकांस वेडगळ वाटला. आम्हांस तो सर्व कामाचा प्राण वाटतो, कारण कुऱ्हाडीनें तासलेली तुळई व यंत्रानें कापलेली तुळई यांत झाडाच्या धाग्याचा भेद असतो, आणि तो भेद पुढील शतकांत लांकूड वांकतांना व चिरतांना दिसून येतो. जेथें नवें आणणें आवश्यक होतें तेथें तें आणलेंही आहे: सांगाड्यांत आग अडविणारे पडदे व पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणाऱ्या नळ्या बसविल्या आहेत. त्या खालून दिसत नाहींत, पण लपवून ठेवलेल्याही नाहींत. आलेखांत त्यांची नोंद आहे.

सुळक्याच्या टोंकावरील सोनेरी कोंबडा नवा आहे. डिसेंबर २०२३ मध्यें तो वर चढविला तेव्हां त्याच्या पोटांत, संतांच्या अवशेषांसह, या कामावर राबलेल्या सुमारे २,००० माणसांचीं नांवें एका बंद नळींत घालून ठेवण्यांत आलीं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असावी आणि तींत लेखकाचें नांव, स्थळ व शक असावा, हा आपला जुना संकेत. ती पुष्पिका जमिनीपासून नव्वद मीटरांहून उंच नेऊन ठेवण्याची कल्पना आम्हांस फार आवडली.

दुसरें काम मंदिराच्या आंतील साहित्याचें. मध्यचौकांतील वेदी छत कोसळून चिरडली गेली. ती जुनी होती असें कोणी समजूं नये. कांशाची ती वेदी १९८९ त तूरे पितापुत्रांनीं केली होती. तिची हुबेहूब नक्कल करण्यांत परंपरेचें रक्षण झालें नसतें, आणि तेराव्या शतकांतील वेदी कल्पनेनें घडविणें ही तर व्हिओले-ल-द्युकचीच चूक झाली असती. जेथें पान गळालें आहे आणि त्याची साक्ष कोठेंच नाहीं, तेथें नवें पान नव्या अक्षरांत, नवें म्हणूनच, लिहावें. १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यांतही हेंच तत्त्व आहे: नवी भर समग्राशीं जुळावी, पण मूळ म्हणून खपूं नये. सुखठणकरांची नागमोडी रेघ आणि ही कांशाची वेदी यांचा न्याय एकच.

ग्विओम बार्दे या शिल्पकारानें वेदी, प्रवचनपीठ, बिशपांचें आसन, बाप्तिस्म्याचें कुंड व पवित्र भाकरीचा करंडा असें पांचही साहित्य काळपट तपकिरी कांशांत ओतलें आहे. वेदीचा आकार खालीं निमुळता व वर रुंदावणारा, एखाद्या मोठ्या पात्रासारखा. तीवर मूर्ति नाहीं, वेलबुट्टी नाहीं. स्वच्छ होऊन पिंवळसर झालेल्या दगडाच्या त्या एवढ्या उजेडांत हा एकच काळसर ठिपका नजरेस थांबवितो, आणि वेदीचें काम तेंच आहे. कोणास ती फार उघडी वाटेल. आमच्या मतें जेथें भिंती, कमानी व कांचा एवढें बोलतात तेथें वेदीनें मौन धरावें हेंच बरें. ता. ८ डिसेंबर २०२४ रोजीं आर्चबिशप उलरिक यांनीं तिच्यांत पांच संतांचे अवशेष ठेवून तिची प्रतिष्ठा केली. विधि जुना, वस्तु नवी. इओना व्होत्रँ हिनें केलेल्या १,५०० ओकच्या खुर्च्याही साध्या व नेटक्या आहेत. काटेरी मुकुटासाठीं सिल्व्हँ द्युब्यूइसों यानें उभारलेला देवदारूचा उंच पडदा मात्र आम्हांस निःशंकपणें आवडला असें म्हणवत नाहीं. त्यांतील कांचेचे मणि एवढे चमकतात कीं ज्या वस्तूसाठीं पडदा उभारला ती वस्तु अंमळ मागें पडते. आणि कास्तेलबाजाक यानें उद्घाटनासाठीं शिवलेल्या पाद्र्यांच्या झग्यांवरील लाल, निळे, पिंवळे व हिरवे ठसठशीत तुकडे पाहून तर विधीपेक्षां शिंप्याचीच आठवण अधिक होते. पण झगे कपाटांत ठेवतां येतात. त्यांनीं मंदिराचें कांहीं कायमचें बिघडत नाहीं.

नवें व जुनें एकत्र नांदूं शकतें याचा याहून मोठा पुरावा आगीच्याच रात्रीं मिळाला. धूर विरळ होतांच घेतलेल्या पहिल्या छायाचित्रांत पडलेल्या राखेच्या ढिगामागें एक सोनेरी क्रूस झळकत होता. जगानें तो प्राचीन श्रद्धेचें चिन्ह म्हणून पाहिला आणि कित्येकांचे डोळे पाणावले. तो मार्क कुत्युरिए या कलावंतानें १९९४ त केलेला आहे, आणि त्याच्या पायाशीं निकोला कूस्तू याचें अठराव्या शतकांतील मेरीमातेच्या शोकाचें शिल्प आहे. दोहोंमध्यें पावणेतीनशें वर्षें आहेत. कोणास तीं टोंचलीं नाहींत.

आतां तिसरें काम. दक्षिण बाजूच्या सहा उपमंदिरांच्या खिडक्यांत व्हिओले-ल-द्युकनें करड्या छटेच्या, भूमितीच्या नक्षीच्या कांचा बसविल्या होत्या. त्या आगींतून शाबूत राहिल्या. ता. ८ डिसेंबर २०२३ रोजीं राष्ट्राध्यक्षांनीं त्या काढून तेथें आजच्या काळाच्या कांचा बसविण्याचें जाहीर केलें. जुलै २०२४ त वारसा व वास्तु यांच्या राष्ट्रीय मंडळानें एकमतानें प्रतिकूल अभिप्राय दिला. तो बंधनकारक नसल्यानें काम पुढें गेलें, आणि डिसेंबर २०२४ त क्लेर ताबुरे या चित्रकर्त्रीची रीम्स येथील सिमों-मार्क या कांचशाळेसह निवड झाली. विषय पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा. विरोधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या.

ताबुरे हिच्या योग्यतेविषयीं येथें वाद नाहीं. तिची चित्रें उत्तम असतील. दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही उडवून लावण्यासारखें नाहीं. प्रत्येक शतकानें या मंदिरांत आपला हात उमटविला, मग आमच्याच शतकास मज्जाव कां? १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनांत याच मंदिरासाठीं केलेल्या नव्या कांचा दाखविल्या गेल्या होत्या व त्यांवरही असेंच रण माजलें होतें. पुढें १९६५ त वरच्या खिडक्यांत ल शव्हालिए याच्या रंगीत अमूर्त कांचा बसल्याच कीं नाहीं? शिवाय स्वतः व्हिओले-ल-द्युकनें अठराव्या शतकाच्या पांढऱ्या कांचा काढूनच आपल्या घातल्या.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत बळकट आहे, आणि त्यास उत्तर इतकेंच कीं, त्या काळीं जें करीत तें सर्व आज करीत नाहींत. जुन्या कालचे लेखक आवडलेला श्लोक मूळांत घुसडीत, न आवडलेला गाळीत. त्यांना आपण दोष देत नाहीं, पण आजच्या संपादकानें तसें केलें तर त्याची आवृत्ति कोणी विकत घेत नाहीं. १९६४ पासून तर प्रत्येक काळानें वास्तूंत घातलेल्या भरीचा मान राखावा हा नियम लेखी झाला आहे. त्याच नियमानें ल शव्हालिएच्या कांचाही आतां काढूं नयेत. नव्या कांचेस कोणाचा विरोध नसतो याचीं उदाहरणें त्याच प्रदेशांत आहेत. नेव्हेरचें मंदिर १९४४ च्या बाँबवर्षावांत फुटलें. तेथें आजच्या चित्रकारांच्या कांचा बसल्या. कोलोनच्या मंदिरांतील एका मोठ्या खिडकीच्या जुन्या कांचा दुसऱ्या महायुद्धांत गेल्या. त्या जागीं २००७ त गेर्हार्ड रिश्टर यानें ७२ रंगांच्या ११,२६३ चौकटींची खिडकी केली. ती तेथील कार्डिनलांस रुचली नाहीं, पण त्या खिडकीच्या मूळच्या कांचा युद्धांत आधींच गेलेल्या होत्या. तेथें पान गळालेलें होतें. येथें पान जाग्यावर आहे, अक्षर वाचतां येतें, लेखक ठाऊक आहे. फक्त तें अर्वाचीन व करडें आहे, एवढाच त्याचा अपराध.

आणि हा अपराध आपल्याही संग्रहांत नित्य घडतो. शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची, देशी कागदाऐवजीं विलायती कागदावरची नक्कल आली कीं ती नव्या काळची म्हणून बाजूस सारली जाते. तिचा आदर्श नष्ट झाला असेल, समासांत तिच्या लेखकानें दुसऱ्या एखाद्या हरवलेल्या पोथीचा पाठभेद टिपला असेल, हें उघडून पाहण्याची तसदी क्वचित् घेतली जाते. व्हिओले-ल-द्युकच्या त्या करड्या कांचाही एकट्या पाहिल्या तर सामान्य वाटतात. पण वेदीच्या बाजूस गडद रंग आणि सभामंडपाच्या बाजूस सौम्य उजेड, अशी त्यानें सर्व मंदिराची एक योजना केली होती. त्या योजनेंत या सहा खिडक्यांचें काम पाहणारास न अडवितां पुढें जाऊं देणें हें होतें. तेथें सहा मोठीं चित्रें लावलीं तर तीं कितीही चांगलीं असोत, पाय तेथेंच थांबेल.

काढलेल्या कांचा नष्ट करावयाच्या नाहींत, संग्रहालयांत मांडावयाच्या आहेत, असें सांगितलें गेलें आहे. तें ठीक. परंतु खिडकीसाठीं केलेली कांच भिंतीला टेकवून ठेवली म्हणजे तिचा नमुना उरतो, तिचें काम उरत नाहीं. विरोध करणारांचें यश वा अपयश कांहींही होवो, आमची एक लहानशी सूचना आहे. नवी कांच बसवावयाचीच असेल तर प्रत्येक खिडकीच्या तळच्या पट्टींत चार गोष्टी कांचेवरच भाजून लिहाव्या: येथें पूर्वीं कोणाची कांच होती, ती कोणत्या सालीं काढली, कोणाच्या आज्ञेनें काढली, आणि आतां ती कोठें आहे.